मान कीं जामीन?

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं लेखनचौर्यास आळा घालण्यासाठीं कांहीं नियम केले. त्यांप्रमाणें प्रबंधाचा मजकूर पूर्वीं छापलेल्या मजकुराशीं शेंकडा १० पर्यंत जुळला तर दोष धरावयाचा नाहीं. १० ते ४० जुळला तर प्रबंध सुधारून पुन्हां सादर करावयाचा. ४० ते ६० जुळला तर एक वर्षपर्यंत सुधारलेला प्रबंधहि स्वीकारावयाचा नाहीं. आणि ६० च्या वर गेला तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द करावयाची. हे नियम अवश्य होते, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. दुसऱ्याचीं पानेंच्या पानें उतरून पदवी मिळविणाऱ्यास कोणी तरी अडविलेंच पाहिजे. परंतु या नियमांपासून एक विलक्षण समजूत रूढ होऊं लागली आहे. 'माझा आंकडा ९ आला' असें तरुण संशोधक समाधानानें सांगतो, मार्गदर्शक मान डोलावतो, घरचीं माणसें पेढे वांटतात. जणूं काय प्रामाणिकपणा ही शेंकडेवारीनें मोजण्याची वस्तु आहे आणि ९ या आंकड्याशीं तिचा शेवट होतो!

ही मोजणी यंत्र करतें, आणि यंत्र शब्द जुळवून पाहतें. त्यापलीकडे त्याची दृष्टि जात नाहीं. जो प्रयोग झालाच नाहीं त्याचे आंकडे घरीं बसून तयार केले, तर एकहि शब्द कोणाशीं जुळत नाहीं. जो कागद डोळ्यांनीं पाहिला नाहीं त्याचा हवाला पाहिल्याप्रमाणें दिला, तरी यंत्र मूग गिळून बसतें. शिष्यानें दोन वर्षें राबून केलेल्या कामावर गुरूनें आपलें नांव आधीं घातलें, तर जुळणी शून्य येईल. सारांश, शब्दांची चोरी ही संशोधनांतील अनीतीची सर्वांत ढोबळ जात होय. बाकीच्या जाती ओळखावयाच्या तर मुळाशीं जाऊन असें विचारलें पाहिजे, कीं संशोधनपर निबंधावर लेखक आपलें नांव घालतो तें कशासाठीं? मान मिळावा म्हणून, कीं जामीन राहण्यासाठीं?

आमच्या मतें, जामीन राहण्यासाठीं. आणि एवढें एक मान्य केलें कीं या विषयांतील बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

कवि किंवा कादंबरीकार जें लिहितो त्याची पारख वाचक आपल्या अनुभवानें करूं शकतो. प्रेमाचें वर्णन खोटें वाटलें तर तो पुस्तक मिटतो. संशोधकाची गोष्ट निराळी आहे. 'अमुक दप्तरांत अमुक तारखेचें पत्र आहे', 'अमुक औषधानें इतक्या रोग्यांना गुण आला', असें तो म्हणतो, तेव्हां वाचक त्या दप्तरांत किंवा रुग्णालयांत जाऊं शकत नाहीं. त्यास विश्वासच ठेवावा लागतो. व्यवहारांत अनोळखी माणसास कर्ज देण्यापूर्वीं सावकार जामीन मागतो. त्याचप्रमाणें, वाचकास अनोळखी असलेल्या विधानामागें लेखक आपलें नांव उभें करतो. जामिनाचीं कर्तव्यें दोन. एक, मागणी आली असतां तो सांपडला पाहिजे. आणि दुसरें, ज्या व्यवहाराची त्यास माहितीच नाहीं त्यास त्यानें जामीन राहूं नये.

पहिलें कर्तव्य कसें पाळावें याचीं उदाहरणें आमच्याच प्रांतांत आहेत. ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रज सरकारचा प्रतिनिधि होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं लंडन येथें तीन भागांत प्रसिद्ध झाला. परक्या राज्यकर्त्याच्या दृष्टीनें लिहिलेल्या त्या ग्रंथांत दोष पुष्कळ आहेत. परंतु कोणती गोष्ट कोणत्या आधारावरून लिहिली हें तो तळटीपांत सांगत जातो, आणि कांहीं हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचें नमूद करतो. त्या नकला पुढील अभ्यासकांच्या हातीं लागल्या नाहींत हें दुर्दैव. पण वाट दाखवून ठेवण्याचें काम त्यानें केलें होतें. पुढें चाळीस वर्षांनीं नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें त्या ग्रंथावर टीका लिहिली, आणि मराठींत इतिहासाच्या चिकित्सेस तेथून आरंभ झाला. ज्यानें आपले आधार सांगितले त्याच्याशीं आधारांवरून वाद करतां येतो; मोघम लिहिणाऱ्याशीं वाद तरी कोणत्या जागीं उभें राहून करावा?

याहून उजळ उदाहरण सांगलीपासून तीन कोसांवरचें आहे. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत. नाना फडनविसांचें चरित्र लिहून त्यांनीं नांव मिळविलें होतें, आणि तशींच चरित्रें लिहीत राहते तरी कोणी त्यांना दोष देता ना. परंतु पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रें त्यांनीं वाचलीं, लावलीं, आणि १८९७ सालापासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नांवानें तीं छापण्यास आरंभ केला. शाळेचा पेशा सांभाळून चालविलेलें हें काम १९२४ सालीं ते निवर्तले तोंपर्यंत चालूं होतें. या संग्रहाची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. आधीं शास्त्रीबोवा त्या त्या प्रसंगाची हकीकत स्वतःच्या भाषेंत सांगतात, आणि मग मूळ पत्रेंच वाचकापुढें ठेवतात. याचा अर्थ असा, कीं 'माझी हकीकत चुकली असें वाटत असेल तर हीं पत्रें घ्या आणि मला खोटें पाडा', असें ते प्रत्येक वाचकास सांगत आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून जीं साधनें छापलीं त्यांच्या प्रस्तावनांतील कित्येक मतें आज कोणी मानीत नाहीं; परंतु साधनांचे खंड मात्र अभ्यासकाच्या हातांतून सुटलेले नाहींत. लेखकाचें मत पडलें तरी त्याचें काम उभें राहतें, तें अशा उघडेपणामुळें.

उघडेपणाची एक पायरी याच्याहि पुढें आहे, ती म्हणजे स्वतःचा संशय लपवून न ठेवणें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं पुरें झालें. बाराशेंहून अधिक हस्तलिखितें त्यासाठीं तपासलीं गेलीं. १९२५ पासून १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे त्याचे प्रधान संपादक होते. त्या आवृत्तीचें कोणतेंहि पान उघडावें. जो पाठ संपादकांस निश्चित वाटला नाहीं त्याच्या खालीं नागमोडी रेघ ओढलेली आहे, आणि जे पाठभेद नाकारले ते त्याच पानाच्या तळाशीं छापले आहेत. एवढ्या मोठ्या विद्वानानें 'येथें मला खात्री नाहीं' असें छापून सांगावें, आणि आमच्या आजच्या निबंधांत एकाहि विधानाखालीं अशी रेघ नसावी, याचें आम्हांस नवल वाटतें. जो आंकडा आपल्या सिद्धान्तास प्रतिकूल आला तो गाळणें, दहा प्रयोगांपैकीं साधलेले तीनच छापणें, ही ती रेघ पुसून टाकण्याचीच रीत होय.

येथें कोणी असा आक्षेप घेईल, कीं नांवाचा एवढा आग्रह आपल्या परंपरेस शोभत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं ग्रंथ लिहिले आणि नांवें काळाच्या स्वाधीन केलीं. काम करावें, फळाची आशा धरूं नये, ही आपली शिकवण. या आक्षेपांत तथ्य आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु महाभारतांत आपले श्लोक घालणाऱ्या असंख्य अज्ञात लेखकांनीं असेंच नांव सोडून दिलें होतें. आणि कोणता श्लोक मूळचा व कोणता मागाहून घातलेला, हें ठरविण्यास पुढील पिढ्यांना जवळजवळ अर्धें शतक खर्चावें लागलें. कीर्तीचा त्याग हा गुण आहे. जबाबदारीचा त्याग हा गुण नव्हे. नांव काढून घेतलें कीं दोन्ही एकदमच जातात.

हा भेद धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतो. गोव्यांतील सांखवळ येथें १८७६ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठीं घरदार सोडलें, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पालथे घातले, भिक्षुव्रत घेतलें. कीर्तीचा हव्यास असणारा मनुष्य हा मार्ग धरीत नाहीं. १९१० सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें त्यांना 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठीं बोलाविलें. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानानें आरंभिलेलें तें काम त्याच्या मृत्यूमुळें अपुरें राहिलें होतें. पुढें संपादनाचें श्रेय कोणाचें यावरून प्रोफेसर लॅनमन व कोसंबी यांच्यांत मतभेद झाला, आणि १९१२ सालीं कोसंबी काम तसेंच ठेवून परत आले. पुढें ते पुन्हां गेले, आणि कामहि सिद्धीस नेलें; परंतु आवृत्ति प्रसिद्ध झाली ती १९५० सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं. तिच्यावर वॉरन यांचें नांव संपादक म्हणून आणि कोसंबींचें संशोधक म्हणून, अशीं दोन्ही नांवें आहेत.

ज्यानें सर्वस्व सोडलें त्यानें एका नांवासाठीं अडून बसावें, हें कोणास विसंगत वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यानें पाठ पारखले त्याचें नांव ग्रंथावर नसेल, तर 'हाच पाठ कां घेतला?' असें विचारणारा वाचक भलत्याच माणसाकडे जाईल, आणि त्या माणसापाशीं उत्तर नसेल. श्रम करणाऱ्याचें नांव वगळणें हा त्याच्यावर अन्याय तर आहेच. पण ती वाचकाचीहि फसवणूक आहे, कारण त्यास खोटा जामीन दिलेला असतो.

हेंच उलटहि खरें आहे, आणि जामिनाचें दुसरें कर्तव्य तें हेंच. ज्यानें काम केलें नाहीं त्याचें नांव घालणें हें औदार्य नव्हे. विभागप्रमुख आहेत म्हणून, पुढें त्यांच्याशीं काम पडेल म्हणून, किंवा 'तुमच्या निबंधावर माझें, माझ्या निबंधावर तुमचें' अशा परस्पर सोयीनें नांवें वाढतात, हें महाविद्यालयांतून वावरणाऱ्या कोणासहि सांगावयास नको. वैद्यकीय नियतकालिकांचे कांहीं संपादक १९७८ सालीं कॅनडांतील व्हॅन्कूव्हर येथें जमले. त्यांतून जी समिति उभी राहिली तिनें लेखक कोणास म्हणावें याच्या चार अटी पुढें ठरविल्या आहेत. कामांत खरा वांटा, लेखनांत हात, छापण्यापूर्वीं संमति, आणि अखेर त्या कामाबद्दल जाब देण्याची तयारी. ही चौथी अट आमच्या मतें सर्वांचा कळस होय. कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें आतां निबंध लिहून देऊं लागलीं आहेत, आणि कधीं कधीं जगांत नसलेल्या ग्रंथांचे हवालेहि बेमालूम देतात. प्रकाशननीतीविषयींच्या आंतरराष्ट्रीय समितीनें २०२३ सालीं जाहीर केलें, कीं अशा यंत्रास लेखक म्हणतां येणार नाहीं, कारण त्यास जबाबदारी घेतां येत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं हाच न्याय माणसांनाहि लावावा. निबंध न वाचतां त्यावर नांव घालणारा मार्गदर्शक त्या यंत्राहून निराळा कसा?

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो आम्ही हलका समजत नाहीं. बढतीसाठीं छापील निबंध मोजले जातात. पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें त्यावरच पोसलीं गेलीं. अशा स्थितींत जिल्ह्याच्या गांवच्या, डोक्यावर तासिकांचा ढीग असलेल्या तरुण प्राध्यापकानें काय करावें? सरकारी नियमांनाहि हा प्रश्न सुटलेला नाहीं. प्रबंध सादर करण्यापूर्वीं निबंध छापलेला असावा ही अट आयोगानें २०२२ सालीं काढून टाकली, आणि मान्य नियतकालिकांची यादीहि २०२५ सालीं बंद केली. अट घालूनहि भागलें नाहीं आणि काढूनहि भागत नाहीं. त्या तरुणाविषयीं आम्हांस सहानुभूति आहे. ज्या व्यवस्थेनें त्याला या पेंचांत धरलें तिच्या चालकांकडे दोषाचा मोठा वांटा जातो.

तरीहि त्यानें एका माणसाचा विचार करावा, असें आम्ही म्हणतों. तासगांवच्या द्राक्षबागेवर पडणाऱ्या रोगावर एखादी फवारणी गुणकारी आहे असें कोणी न केलेल्या प्रयोगाच्या बळावर छापलें. तें वाचून दुसऱ्यानें लेख लिहिला, तिसऱ्यानें सल्ला दिला, आणि चौथ्यानें कर्ज काढून औषध मारलें. बाग गेली तर त्या शेतकऱ्यास मूळ लेखकाचें नांवहि ठाऊक नसतें. सावकाराच्या व्यवहारांत जामिनास निदान घरीं जाऊन गांठतां येतें; येथें ज्याचें नुकसान झालें तो जामिनापर्यंत कधीं पोंचतच नाहीं. म्हणून येथें पहारा बाहेरून बसवितां येत नाहीं. तो लेखकानें स्वतःच आपल्यावर बसवावा लागतो. लहान निबंध लिहावा, थोडे लिहावे, बढती दोन वर्षें उशिरा घ्यावी. आणि छापलेलें चुकीचें ठरलें तर तें उघडपणें मागें घ्यावें. जामीन भरून देणाऱ्याची पत समाजांत वाढतेच, हें विसरूं नये.

वाचक कुटुंबांसहि आमची एक विनंति आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी संशोधन करीत असेल तर 'किती निबंध छापले?' आणि 'आंकडा किती आला?' हे प्रश्न थोडे बाजूस ठेवावे. त्याऐवजीं असें विचारावें, कीं 'यांतलें अमुक वाक्य तूं कशावरून लिहिलेंस, आणि उद्यां कोणी अनोळखी माणसानें तें तपासतों म्हटलें तर त्याला तूं काय दाखवशील?' ज्याच्यापाशीं याचें उत्तर आहे त्यानें निबंधावर आपलें नांव खुशाल घालावें.