थापटणे कोणाच्या मस्तकावर?

ज्येष्ठातल्या उकाड्यात मुक्ताबाईची पालखी मुक्ताईनगराहून निघून मलकापुरात येते आणि पुढे मोताळ्याच्या रस्त्याने राजूरचा घाट चढून बुलढाण्याकडे जाते, तेव्हा तिच्या मागे आयुष्यात पहिल्यानेच चालणाऱ्या मनुष्यास काय म्हणतात, असे कोणी विचारले तर निराळे असे काहीच म्हणत नाहीत, हेच उत्तर द्यावे लागते. गतवर्षी ज्याने माळ घातली तो माळकरी आणि चाळीस वर्षांपूर्वी ज्याने घातली तोही माळकरीच. विधीही इतका साधा की त्यास विधी म्हणावयास संकोच वाटावा: तुळशीच्या मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवावयाची, तेथून उचलून ज्येष्ठाने ती नव्याच्या गळ्यात घालावयाची, मद्यमांस वर्ज्य करून एकादशी, हरिपाठ आणि पंढरीची वारी यांचा नेम सांगावयाचा, आणि नवा मनुष्य पाया पडण्यासाठी वाकला की त्या ज्येष्ठानेही, गुडघे दुखत असले तरी, तितकेच वाकून त्याच्या पायांस हात लावावयाचा. दोघेही एकमेकांस ‘माउली’ म्हणतात.

मनुष्यांच्या बहुतेक संघटनांचा रिवाज याच्या उलट आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी जी बंधुमंडळे आणि भगिनीमंडळे आहेत, आणि ज्यांचा आरंभ १७७६ साली व्हर्जिनियात स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपा या मंडळापासून धरतात, त्यांत नव्या उमेदवारास ‘प्लेज’ म्हणत, म्हणजे शपथेने बांधलेला परंतु अद्याप आत न घेतलेला. या मधल्या अवस्थेत त्याचा जो छळ होई त्याची फार बदनामी झाल्यावर अनेक मंडळांनी ते नाव टाकून ‘नवा सभासद’ हे निरुपद्रवी नाव घेतले, पण छळ काही त्या नामांतराने संपला नाही. आपल्याकडेही वसतिगृहांतील हाच प्रकार रोखण्यासाठी १९९९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळास कायदा करावा लागला. जुन्या कचेऱ्यांत बिनपगारी खर्डेघाशी करीत एखादा कारकून निवृत्त होण्याची वाट पाहणारा उमेदवार, हा याच जातीचा प्राणी. फरक एवढाच की त्याचा छळ सरकारी वेळेत होई.

धर्मसंस्थांनाही ही उतरंड मान्य आहे. नाथपंथात कान फाडले जाईपर्यंत साधक औघड राहतो. बौद्ध संघात वयाची वीस वर्षे पुरी होऊन उपसंपदा मिळेपर्यंत श्रामणेर. दिगंबर जैनांत मुनिपदाच्या अलीकडे क्षुल्लक आणि ऐलक अशा पायऱ्या आहेत. या पायऱ्यांमागे केवळ अहंता असते असे मात्र मी म्हणणार नाही. विनयपिटकात अशी कथा आहे की, शाक्य कुळातील राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास निघाले तेव्हा त्यांनी आपल्या उपाली नावाच्या न्हाव्यास प्रथम दीक्षा द्यावी अशी बुद्धांस विनंती केली. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने मोजली जात असल्यामुळे काल ज्याने आपली हजामत केली त्यास आज वंदन करावे लागेल आणि शाक्यांचा कुलाभिमान त्या वंदनात मोडेल, हा त्यांचा हेतू होता. तेथे पायरी गर्वाचे साधन न होता त्यावरचा उतारा झाली.

मग वारकऱ्यांनी पायरीच ठेवली नाही, हे काय समजावे? निव्वळ भाबडेपणा? मानापमानाचे तंटे त्यांच्यात नाहीत असे मुळीच नाही. दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात आणि त्या क्रमावरून कज्जेही होतात. शिवाय परीक्षेची एक प्रसिद्ध कथा त्यांच्याच परंपरेत आहे. तेरला गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातील थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले, आणि मडके पक्के की कच्चे हे त्याने कळते असे ऐकल्यावर, आम्हीही मडकीच आहोत, आमचीही परीक्षा करा, असा आग्रह धरला. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सर्वजण स्वस्थ बसले. नामदेव तेवढे रागावले, आणि कच्चे ठरले. पुढे ते विसोबा खेचरांना शरण गेले, हे सर्वश्रुत आहे.

ही कथा नवागताच्या छळाची वाटते खरी, पण तीत नवागत कोण आहे ते पाहावे. परीक्षेचा हट्ट धरणारी मुक्ताबाई मंडळींतील सर्वांत धाकट्यांपैकी, नामदेवांहूनही लहान; आणि कच्चा ठरलेला नामदेव हा प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारा म्हणून सर्वत्र मानला गेलेला भक्त. चौदाशे वर्षे जगल्याचे सांगितले जाते त्या चांगदेवांचीही गत तीच झाली: त्यांनी पाठविलेल्या कोऱ्या कागदाची थट्टा मुक्ताबाईनेच केली आणि अखेर तेच तिचे शिष्य झाले. वसतिगृहात थापटणे ज्येष्ठाच्या हाती असते आणि मस्तक नव्याचे. भक्तिमार्गात ते नेमके ज्याची प्रतिष्ठा पक्की झाली आहे त्याच्यावर पडते. नव्याची परीक्षा करावयाची नाही, कारण त्याच्याजवळ अद्याप तपासण्याजोगे काही साठलेलेच नाही. साठते ते वर्षे मोजू लागल्यावर. वारकऱ्यांनी नव्यास वेगळे नाव दिले नाही, यामागे मला हा विचार दिसतो.

हा विचार त्यांच्याच हातून पाळला गेला नाही तेथे तो फार महाग पडला. चोखोबांचे अभंग सर्वांनी गाइले, पण त्यांची समाधी महाद्वाराच्या बाहेर राहिली, आणि त्यांच्या जातीच्या लोकांना विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणास लावावे लागले. इतक्या शतकांचा माळकरी आणि तरी उंबऱ्याबाहेर! त्यानंतर नऊच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास डॉ. आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि लागलीच स्वतः उभे राहून समोरच्या लक्षावधी जनांस दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. काही क्षणांपूर्वी दीक्षित झालेला मनुष्य इतरांस दीक्षा देतो, ही घटना रूढ संघनियमांच्या पलीकडची होती. तीत नवेपणास उमेदवारीची मुदतच ठेवलेली नव्हती.

मुदत ठेवली ती बाहेरच्यांनी. त्या मैदानावर जे उभे होते त्यांची नातवंडे आज वऱ्हाडातील तहसील कचेऱ्यांत दाखल्यासाठी किंवा एखाद्या योजनेसाठी अर्ज घेऊन रांगेत उभी राहतात, आणि ज्या रकान्यासमोर त्यांना खूण करावी लागते त्यावर अजूनही ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असेच छापलेले असते.