पाचवं कारण

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि पाचवं दैव. प्रवचनांतून हे अनेकदा ऐकलं, पण पटलं ते इंग्लंडमध्ये, बिस्लीच्या चांदमारीवर जुन्या ली-एनफील्ड रायफलीची ३०३ काडतुसं तपासताना.

काडतूस तपासायचं तर बाकी सगळं जागच्या जागी ठेवावं लागतं. रायफल तीच, खालची वाळूची पिशवी तीच, अर्धा श्वास सोडून चाप ओढण्याची रीतही तीच. पाच गोळ्या झाडायच्या आणि नळी निवेपर्यंत थांबायचं. माझी नळी युद्धकाळातली, झिजलेली. ०.३११ इंच जाडीच्या गोळ्या शंभर यार्डांवर तळहातभर पसरतात. ०.३१२ च्या वापरल्या की पसारा जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण त्या नळीतल्या खाचांना घट्ट धरतात. वजन दोन्हींचं सारखंच, जुन्या मार्क ७ गोळीइतकं, १७४ ग्रेन. फरक इंचाच्या हजाराव्या भागाचा! तो न शोधता पहिल्या पसाऱ्याला दैव म्हणणं हा निव्वळ आळस झाला असता.

लांब पल्ल्यावर तर याहून नवल. या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे बार उडताना सगळा सांगाडा किंचित लवतो आणि नळीचं तोंड खालीवर हलतं. मंद गोळी जरा उशिरा, तोंड वर उचललं जात असताना सुटते. वेगवान गोळी त्याआधीच, थोड्या खालच्या रोखानं. म्हणून शंभर यार्डांवर वरखाली फाकणारी काडतुसं नऊशे यार्डांवर अपेक्षेपेक्षा बरीच एकत्र लागतात. दैवाला गीतेनं पाचवा क्रमांक दिला आहे, आणि मी तो शब्दशः पाळते. आधीच्या चारांची झडती घेतल्याशिवाय त्याचं नाव काढायचं नाही.

पण त्याच अध्यायात पुढे म्हटलं आहे की, ज्याचा अहंभाव गेला तो मारूनही मारत नाही. इथे मी अडखळते. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत याच ३०३ च्या १६५० फैरी झाडल्या गेल्या. गर्दी दाट तिथे मारा वळवल्याचं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या डायरनं चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे स्वतः सांगितलं. पाचही कारणं तिथे हजर होती. म्हणून कर्त्याची जबाबदारी पाचवा हिस्सा होते का? मला मुळीच मान्य नाही. गोळी कुठे लागली याचा हिशेब पाचांत वाटता येतो, ती झाडायची ठरवलं याचा नाही. आणि आपला अहंभाव गेला असं जो स्वतःच सांगतो, त्याच्या हाती रायफल देऊ नये.

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ पासूनचा तो कारखाना. ३०३ च्या प्रत्येक लॉटमधली काही काडतुसं झाडून बघायचं त्यांचं काम; मनापासून करत. पुढे ती कुणावर झाडली जाणार हे त्यांना कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. तरी त्यांचा वाटा शून्य होता, असं मला म्हणवत नाही.