अचल खूण

मनुष्य पायाखालची भूमी स्थिर मानतो. वस्तुतः बंगळूरची भूमी वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. तेथील भारतीय विज्ञान संस्थेतील यंत्र उपग्रहांच्या साहाय्याने ही गती नोंदविते. शेजारची घरे, टेकड्या, सारे एकत्रच सरकत असल्याने ती कोणास जाणवत नाही.

परंतु उपग्रहही फिरते आणि पृथ्वीही फिरती. म्हणून अखेरची खूण क्वेसारांची धरावी लागते. दूरस्थ दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवरात पडणारे द्रव्य तापून जे प्रचंड तेज उसळते, ते क्वेसार होय. १९६३ साली ओळखल्या गेलेल्या ३सी २७३ या क्वेसाराचा प्रकाश येथे पोहोचण्यास सुमारे २०० कोटी वर्षे लागतात. क्वेसारही गतिमानच आहेत. तथापि अतिदूर असल्याने ते अचल भासतात. १९९८ पासून आकाशातील दिशांची प्रमाण-चौकट अशाच पिंडांवर उभी आहे.

आचरणाचेही असेच आहे. ‘चारचौघे असेच करतात’ म्हणून भावाचा वाटा दाबणारा किंवा मापात पाप करणारा स्वतःस स्थिरच समजतो; कारण चारचौघेही त्याच्यासवे सरकलेले असतात. वर्षाचे सरकणे अल्प, म्हणूनच ते घातक. अतएव ज्या मापाला आपल्या लाभहानीचा स्पर्श नाही, त्यानेच गृहस्थाने आपला नित्य व्यवहार पारखावा.