ज्याला वेळ लागतो, त्याच्यासाठी थांबा

मदीनेत एक स्त्री होती. तिची बुद्धी काहीशी अधू होती. एके दिवशी तिने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आपले काही काम असल्याचे सांगितले. प्रेषितांनी (स.) तिला टाळले नाही. ती म्हणेल त्या गल्लीत येण्याची तयारी त्यांनी दर्शविली आणि तिचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत ते तिच्यासाठी थांबले. हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या घरांत ही हदीस वारंवार वाचली जावी. या मुलांच्या पेशींत २१व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. १९५९ साली हे कारण उघड झाले. यात मातेचा कोणताही अपराध नाही. तिला दूषण देणे हा उघड अन्याय आहे.

अशा बाळाचे पहिले हसू बहुधा उशिरा येते. नजरेला नजर मिळण्यासही वेळ लागतो. आई दूर गेली तर ते इतर बाळांइतके आकांत करीलच असे नाही. मग घरचे म्हणतात, ‘याला कोणी जवळ असले-नसले सारखेच.’ हा गैरसमज आहे. जिव्हाळा त्याच्याही अंतःकरणात असतो. केवळ त्याची खूण मंद असते. ती ओळखण्यासाठी पालकांनी धीर धरला पाहिजे. अनेकांना ऐकू कमी येते, म्हणून समोर बसून बोलावे, उत्तराची वाट पाहावी आणि त्याच्या वतीने आपणच उत्तर देऊ नये.

‘ही मुले सदैव आनंदीच असतात’ हा समजही खरा नाही. विरहाचे दुःख त्यांनाही होते. घरात दादीचे निधन झाले, तर मुलाला काही न सांगता शेजारी पाठवून देऊ नका. ते दिवसेंदिवस तिला शोधत राहील. सोप्या शब्दांत सत्य सांगा आणि सर्वांबरोबर त्यालाही दुआसाठी हात उचलू द्या.

आपल्या दहा मुलांपैकी एकाचेही कधी चुंबन न घेतल्याचे सांगणाऱ्या अक्रअ बिन हाबिस यांना प्रेषितांनी (स.) बजावले होते की, जो दया करीत नाही त्याच्यावर दया केली जात नाही. संतती ही अल्लाहची अमानत आहे. तिच्यातील मंद पावलांचा हिशेबही आपल्यालाच द्यावयाचा आहे.

अल्लाह आम्हाला थांबण्याचे धैर्य आणि समजून घेणारे हृदय देवो. आमीन.