बर्च प्लायचा रास्त भाव

चांगली वस्तू रास्त भावात मिळावी, ही इच्छा इतकी साधी वाटते की तिची उलटतपासणी करावी असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. सुतारकाम हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही, छंद आहे. खणांची कपाटं, पुस्तकांची मांडणी, लहान मुलांची खेळणी असं काहीबाही मी घरच्या घरी करत असतो. त्यासाठी बर्चचं प्लायवूड मिळवण्याची माझी खटपट बरीच वर्षं चालू आहे. हे प्लाय महाग असतं, दर दुकानात मिळत नाही, आणि म्हणून ते कमी भावात मिळालं की फार आनंद होतो. त्या आनंदाची किंमत कोण भरतं, हे स्वतःला नीट विचारायचं ठरवून हे लिहितो आहे.

आधी हे प्लाय मला हवंच कशाला, याचं खरं उत्तर दिलं पाहिजे. आपल्याकडच्या नेहमीच्या प्लायला वरून एक बरा दिसणारा पातळ थर, म्हणजे फेस, असतो आणि आत हलक्या लाकडाचे जाडसर थर असतात. त्यांत कुठे फट राहिलेली असते, कुठे एक थर दुसऱ्यावर चढलेला असतो. बर्चच्या अस्सल प्लायमध्ये वरपासून खालपर्यंत सगळे थर बर्चचेच. प्रत्येक थर सुमारे दीड मिलिमीटरचा, एकाचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे. 18 मिलिमीटरच्या शीटमध्ये असे 13 थर बसतात. त्यामुळे स्क्रू घट्ट धरतो, खाच स्वच्छ निघते, आणि कड इतकी सुबक दिसते की तिला पट्टी मारून झाकावी लागत नाही. फिनलंडमध्ये युवास्क्युला इथे 1912 मध्ये प्लायवूडचा कारखाना सुरू झाला. पुढे आल्व्हार आल्टो यांनी पायमियोच्या क्षयरोग रुग्णालयासाठी खुर्ची केली तेव्हा तिची बैठक वाकवलेल्या प्लायचीच होती. या लाकडाचं मोठेपण खरं आहे, ते मी कल्पनेनं चढवलेलं नाही.

पण माझी गरज किती आणि हौस किती? खणाच्या बाजू पातळ हव्यात आणि तरी मजबूत हव्यात, तिथे बर्चला तोड नाही. खेळण्याचे बारीक तुकडे कापायचे तर आतली एक फटही चालत नाही. तिथे गरज आहे. कपाटाची पाठ, भिंतीला टेकणारी बाजू, रंगाखाली जाणारा पृष्ठभाग यांना मात्र बर्च लागत नाही. तिथे मला हवी असते ती कडेवरच्या पट्ट्यांची शोभा, आणि खरं सांगायचं तर, आपल्याकडे ती वस्तू आहे याचं समाधान. शिवाय बर्च हे ओलीत टिकणारं लाकूड नाही. चिकटवणारं रेझिन पाण्याला दाद देत नसलं तरी आतलं लाकूड कुजतं. कोकणातल्या पावसाळ्यात मोरीलगतच्या कपाटाला ते वापरणं हा दर्जाचा आग्रह नव्हे, दर्जाविषयीचं अज्ञान आहे. दर्जा कामावरून ठरतो. काम न बघता सगळ्यांत वरचा माल मागणं याला चोखंदळपणा म्हणून स्वतःचं कौतुक करून घेणं मला थांबवलं पाहिजे.

आता भावाकडे येऊ. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये प्लायचा भाव फुटावर सांगतात. आठ बाय चारची शीट म्हणजे 32 चौरस फूट. फुटामागे पाच रुपये उतरवून घेतले की शीटमागे 160 रुपये वाचतात. दुकानदाराशी अशी घासाघीस करण्यात मला वावगं काही दिसत नाही. तो धंद्यात मुरलेला असतो, परवडलं नाही तर सरळ नाही म्हणतो. मात्र तिथेही सत्याची एक मर्यादा आहे. बर्च प्लायचे दर्जे ठरलेले असतात. बीबी दर्जाच्या फेसवर गाठी काढून लंबगोल ठिगळं बसवलेली असणारच, आणि किंमतही त्या हिशेबानेच लावलेली असते. हे ठाऊक असताना त्या ठिगळांवर बोट ठेवून ‘माल खराब आहे’ म्हणणं हे खोटं बोलणं आहे. बाजारात बोललं म्हणून ते खरं होत नाही.

दुकानदारानंतर हमाली येते. 18 मिलिमीटरची आठ बाय चारची बर्चची शीट साधारण 36 किलो भरते. ती टेम्पोत चढवायची, उतरवायची, कोपरा न दुखावता जिन्यावरून वर न्यायची. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, आणि त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ होती. कारण पाठीवर ओझं वाहणाऱ्याच्या मजुरीची घासाघीस आपण किती सहज करतो, हे त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं होतं. समोरचा माणूस नाही म्हणू शकतो तोवर घासाघीस हा व्यवहार आहे. तो नाही म्हणू शकत नसेल तर तीच घासाघीस जुलूम होते. ही कसोटी मी हमालीला लावली की माझी बोलती बंद होते. ती बंदच राहावी.

बिलाचंही तसंच. प्लायवर 18 टक्के जीएसटी आहे. बिलाशिवाय घेतलं तर ते पैसे वाचतात, आणि ‘सगळेच घेतात’ हे वाक्य तोंडाशी तयार असतं. पण कच्च्या व्यवहारात नुसता कर बुडत नाही. माल कुठून आला, कुणी बनवला, याचा मागही तिथेच तुटतो. आणि माग हा या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे.

कारण बर्चची जंगलं उत्तरेकडची: फिनलंड, लॅटव्हिया, एस्टोनिया, बेलारूस, युक्रेन, आणि सगळ्यांत मोठी रशियातली. बर्चच्या प्लायचा जगातला सगळ्यांत मोठा पुरवठादार रशियाच होता. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. पुढच्याच महिन्यात एफएससी आणि पीईएफसी या जंगल प्रमाणित करणाऱ्या दोन्ही प्रमुख संस्थांनी रशिया आणि बेलारूसचं लाकूड ‘संघर्षातलं लाकूड’ ठरवून आपल्या प्रमाणपत्राच्या कक्षेबाहेर काढलं. युरोपीय संघाने एप्रिलमध्ये रशियन लाकडावर बंदी घातली आणि आधीच्या सौद्यांना जुलैपर्यंत मुदत दिली. अमेरिकेत रशियन बर्च प्लायवरची जकात शून्यावरून 50 टक्क्यांवर गेली. रशियातली जंगलं सरकारच्या मालकीची आहेत. तोडीचा हक्क घेणारा त्याचे पैसे सरकारी खजिन्यात भरतो, आणि त्याच खजिन्यातून युद्ध चालतं.

बंदीने माल नाहीसा झाला नाही, त्याने वाट बदलली. युरोपीय संघाने 2021 मध्येच रशियन बर्च प्लायवर डंपिंगविरोधी शुल्क लावलं होतं. तेच शुल्क मे 2024 मध्ये तुर्कस्तान आणि कझाकस्तानहून येणाऱ्या बर्च प्लायवरही लावावं लागलं, कारण रशियन माल त्या देशांच्या नावाने येत असल्याचं चौकशीत दिसलं. व्हीनिअर, म्हणजे प्लायचा पातळ थर, एका देशात सोललं, शीट दुसऱ्या देशात दाबली, की कागदावर दुसऱ्या देशाचं नाव येतं. झाड कुठे उभं होतं हे त्या कागदावरून कळत नाही.

भारतात या मालाला बंदी नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी मोकळा आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न पूर्णपणे माझ्या पदरात पडतो. आपल्या प्लायवरचं आयएसआय चिन्ह शीटच्या मजबुतीबद्दल सांगतं, झाड कुठल्या जंगलातलं ते सांगत नाही. ते मलाच विचारावं लागतं. मी विचारतोही. पण कसं? ‘माल चांगल्या ठिकाणचाच आहे ना?’ असं. या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तरच येऊ नये अशा बेताने तो केलेला असतो. जाणून घेण्यासाठी विचारणं वेगळं, आणि उद्या कुणी हटकलं तर ‘मी विचारलं होतं’ असं म्हणता यावं म्हणून विचारणं वेगळं. माझ्या मनाचा सगळ्यांत नाजूक कोपरा हा आहे. माझं अज्ञान बरंचसं मीच सांभाळून ठेवलेलं असतं, कारण ते मला शीटमागे पैसे वाचवून देतं. भाव नेहमीपेक्षा फारच उतरलेला असेल तर तो भावच मला काहीतरी सांगत असतो, आणि मी ते ऐकू येऊ देत नाही.

मन बचावाला उभं राहतंच. ते म्हणतं, तुझ्या चार शीटनी युद्धाला काय फरक पडणार? काही पडणार नाही, हे मान्य. पण हमालाला पन्नास रुपये कमी दिल्यानेही देशाच्या अर्थव्यवस्थेला फरक पडत नाही. तरी ते चूकच असतं. मी केलेल्या गोष्टीचा जगावर किती परिणाम झाला आणि ती गोष्ट मी करावी का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. मन पुढे म्हणतं, रशियाचं तेल भारत घेतो, तुझ्या गाडीतही ते असेल. असेल. पंपावर मला ते निवडता येत नाही, लाकूड मात्र निवडता येतं. जिथे निवड हातात नाही तिथली अडचण पुढे करून, जिथे ती हातात आहे तिथे सूट घेता येत नाही. तिसरा बचाव मला जास्त जड वाटतो: त्या कारखान्यांतही मजूर आहेत, युद्ध त्यांनी सुरू केलेलं नाही. हे खरं आहे आणि याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणतो की त्यांच्याविषयीची माझी कळकळ नेमकी शीट स्वस्त मिळत असतानाच जागी होते, म्हणून तिच्यावर मी फार विश्वास ठेवू शकत नाही.

मग देशी प्लाय घ्यावं आणि मोकळं व्हावं, इतकं हे सोपं आहे का? सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात जंगलतोडीला लगाम घातला, आणि आपला प्लाय उद्योग जंगलाकडून शेताकडे अधिकाधिक वळला. आज यमुनानगरच्या कारखान्यांत शेताच्या बांधावरचा पॉप्लर आणि निलगिरी येते. केरळात पेरुंबावूरला रबराचं लाकूड वापरतात. बर्चचं झाड सोलण्याजोगं व्हायला साधारण चाळीस ते साठ वर्षं लागतात, पॉप्लर सहा-सात वर्षांत तयार होतो आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो. हे चांगलंच आहे. पण स्वस्त रेझिनमधलं फॉर्मल्डिहाइड आधी कारखान्यातल्या कामगाराच्या नाकात जातं आणि मग माझ्या खोलीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 2004 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातलं. म्हणजे ‘देशी’ हा शब्दही मला चौकशीतून सुटका देत नाही. उत्सर्जनाचा दर्जा विचारावा लागेल, आणि त्यासाठी जास्त भाव पडेल तो द्यावा लागेल.

या सगळ्यातून माझ्यापुरते काही निर्णय निघतात. बर्च फक्त जिथे त्याच्यावाचून काम अडतं तिथेच वापरायचं. ते घेताना शीट कुठे बनली यावर न थांबता झाड कुठलं हे विचारायचं, आणि उत्तर लेखी, पक्क्या बिलासोबत मागायचं. फिनलंड किंवा लॅटव्हियाचा प्रमाणित माल असेल तर तो त्याच्या भावाला घ्यायचा. तो परवडत नसेल तर आपल्याला बर्च परवडत नाही, असं स्वतःला सांगायचं. उत्तर मिळालं नाही तर शीट तिथेच ठेवायची. हमालीत घासाघीस नाही.

यातलं शेवटून दुसरं सगळ्यांत अवघड आहे, कारण दुकानात ती शीट हाताला गुळगुळीत लागते, कड सुंदर दिसते आणि दुकानदार भाव आणखी उतरवायला तयार असतो. तेव्हा ‘रास्त’ या शब्दाचा अर्थ माझ्या खिशाच्या बाजूने झुकायला लागतो. सध्या बारा खणांचं एक कपाट मनात आहे. उत्तर देता येणारं बर्च जितकं घेता येईल तितक्याच खणांच्या बाजू त्याच्या होतील, बाकीचं कपाट चांगल्या देशी प्लायचं, सागाची पट्टी मारलेलं. खण थोडे जाड होतील आणि पट्ट्या मारायला चार रविवार जास्त जातील. माझ्या वाट्याची किंमत ती, आणि ती मीच भरणं रास्त आहे.