गाण्याचा मालक कोण?

२०२४ मध्ये चित्रपटाचा आधार नसलेली दोन मराठी गाणी घराघरांत पोचली. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' वरातीत वाजलं, स्नेहसंमेलनातही वाजलं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांनी हाउस संगीताच्या ठेक्यावर बांधलेलं 'तांबडी चामडी' मराठी न कळणाऱ्यांनाही नाचवून गेलं. तेव्हापासून जाणकारांची एक तक्रार वरचेवर कानी पडते. हे संगीत नव्हे, रीलसाठी कापलेला तुकडा आहे, आणि त्याला स्वतंत्र संगीत म्हणणं हा भावगीताच्या परंपरेचा अपमान आहे.

ही तक्रार अन्यायाची आहे, आणि जुनीही.

ऐंशीच्या दशकात कॅसेटबद्दल असंच बोललं गेलं. आनंद शिंदे यांचं 'नवीन पोपट हा' गावोगाव वाजत होतं आणि सुशिक्षित घरं नाकं मुरडत होती. संगीताचे अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' १९९३ मध्ये आलं. पुस्तक उत्तर भारताबद्दल आहे, पण मराठी समीक्षकाने ते उशाशी ठेवावं असं आहे. तबकडी काढायला कारखाना लागत असे, त्यामुळे एचएमव्ही काढेल तेच बहुतेक देशाने ऐकलं. कॅसेट भरायला थोडकं भांडवल पुरलं. मग लहान शहरांतून निर्माते उभे राहिले आणि तबकडीने कधी विचारलं नव्हतं अशा बोलींतली गाणी बाजारात आली. मॅन्युएल भाबडे नाहीत. चोरून काढलेल्या प्रती, अश्लील गाणी, अयोध्या आंदोलनातल्या भडक भाषणांच्या कॅसेट, हे सगळं त्यांनी नोंदवलं. तरी चव बिघडली म्हणून ते रडत बसले नाहीत. साधन कोणाच्या हाती आलं, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

महाराष्ट्रात त्याचं उत्तर दादरच्या चैत्यभूमीबाहेर आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर मिळतं. समीक्षेने बहुतेक बाजूला ठेवलेली भीमगीतं तिथल्या पदपथावर कॅसेटमधून आणि पुढे सीडीमधून विकली गेली, लोकांनी ती घरी नेली. त्या विक्रीवर काही गायकांची घरं चालली.

मात्र आजच्या गाण्याकडे वळलं की मॅन्युएल यांना कॅसेटमध्ये दिसलेली आशा तोकडी पडते. विकत घेतलेली कॅसेट घेणाऱ्याची होती. ती शेजाऱ्याला देता येई, तिची प्रत काढता येई. आजचं गाणं श्रोत्याच्या घरी येतच नाही, ते कंपनीच्या संगणकावर राहतं. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन नाही. 'तांबडी चामडी' प्रकाशित करणारी स्पिनिन रेकॉर्ड्स ही डच कंपनी २०१७ पासून वॉर्नर म्युझिकच्या मालकीची आहे. तेव्हा तक्रारखोरांचं एवढं मान्य करायला हवं, की रीलचा दाब खरा आहे आणि मुखडा पहिल्या काही सेकंदांतच यावा लागतो. पण त्याचा जाब गाणाऱ्या पोराला विचारणं चूक आहे. पूर्वी तबकडी एका कंपनीची होती, आता ऐकण्याची जागाच कंपनीची झाली आहे.

ही अडचण असूनही त्याच जागेतून वेगळं काही येतं, म्हणून आशा सुटत नाही. मुंबईच्या स्वदेशी या गटाने २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' काढलं. एमसी मवालीच्या रॅपसोबत त्यात आरे वनातले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ज्यांची जमीन जात होती त्यांना गाण्यात नुसता विषय म्हणून आणलेलं नाही, ते स्वतः गातात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रात्रीतून झाडं तोडली गेली. ज्याच्यावरून हे गाणं उभं राहिलं, तो लढा श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत चालला होता. २०२० मध्ये याच गटाचा 'चेतावनी' हा अल्बम आला.

अशा गाण्यांना तोलामोलाची समीक्षाही हवी. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे '१०० आरबीएच', वऱ्हाडीत रॅप करतो. त्याच्या ओळींचं परीक्षण करायला वऱ्हाडीचा हेल आणि रॅपचा ताल दोन्ही कानात असलेला समीक्षक हवा. दिवाळी अंकांनी असे लिहिणारे शोधावेत, त्यांना पानं द्यावीत आणि गाण्यापुढे गायकाइतक्याच ठळकपणे गीतकार, संगीत जुळवणारा आणि प्रकाशित करणारी कंपनी यांची नावं छापावीत.