हिशेब कुणाला द्यायचा?

12 जानेवारी 2010 रोजी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपाने कोसळली आणि जगभरातून पैसा धावून आला. एकट्या अमेरिकन रेडक्रॉसकडे सुमारे 48 कोटी 80 लाख डॉलर जमा झाले. जून 2015 मध्ये ‘प्रोपब्लिका’ आणि ‘एनपीआर’ यांच्या पत्रकारांनी त्या पैशाचा माग काढला. एक लाख तीस हजार लोकांना आम्ही घरं दिली, असं रेडक्रॉस सांगत होती. तिने बांधलेली कायमस्वरूपी घरं पत्रकारांना साऱ्या देशात सापडली ती फक्त सहा.

हा पैसा कुणी खिशात घातल्याचं सिद्ध झालं नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मला अधिक अस्वस्थ करतं. चोरी असती तर चोर शोधता आला असता. इथे आकडा फुगला तो मोजण्याच्या पद्धतीमुळे. तात्पुरत्या निवाऱ्यात गेलेले लोक त्यात होते, आणि घर दुरुस्त कसं करायचं याचं नुसतं प्रशिक्षण मिळालेले लोकही होते. जमिनीची मालकी कुणाची हेच ठरत नसल्याने बांधकाम अडलं. वरच्या जागांवरच्या अनेक परदेशी अधिकाऱ्यांना ना फ्रेंच येत होती ना क्रेओल. बरंचसं काम दुसऱ्या संस्थांकडे सोपवलेलं, आणि त्या प्रत्येक संस्थेचा व्यवस्थापनखर्च वेगळा. रेडक्रॉसने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. जमीन मिळेना म्हणून पैसा दुरुस्तीकडे, घरभाड्याकडे, दवाखान्यांकडे वळवला, असं तिचं म्हणणं. हे कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण कांपेश नावाच्या ज्या वस्तीत शेकडो नवी घरं उभी राहणार होती, तिथल्या लोकांना बेत का बदलला आणि पैसा कुठे गेला हे त्याच वेळी, त्यांच्या भाषेत सांगायला हवं होतं. तो त्यांचा हक्क होता.

देणगी देताना आपण सहसा एकच प्रश्न विचारतो: माझ्या शंभर रुपयांतले किती पोहोचतात? रेडक्रॉसकडे त्याचं उत्तर तयार होतं, डॉलरमागे 91 सेंट. पुढे 2016 मध्ये सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशी अहवालाने दाखवलं की सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे 12 कोटी 40 लाख डॉलर, संस्थेच्या अंतर्गत खर्चात गेला. कोणता खर्च कोणत्या रकान्यात टाकायचा यावर टक्केवारी बदलते. शिवाय हा प्रश्नच अपुरा आहे. जमिनीचे कागद तपासणारा माणूस, स्थानिक भाषा बोलणारा कार्यकर्ता, बांधकामावर नजर ठेवणारा अभियंता यांचे पगार बहुतेकदा ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून हिणवले जातात, आणि हैतीत नेमकी त्यांचीच उणीव होती. आपल्याकडेही परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. पूरग्रस्तांची यादी घरोघर जाऊन पडताळणाऱ्याचा पगार वाचवला, तर मदत रस्त्यालगतच्या गावात दोनदा पोहोचते आणि आडबाजूच्या वाडीत एकदाही नाही.

हिशेबाची सुरुवात खरं तर पैसे मागतानाच होते. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर सुमारे आठवडाभरात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने जाहीर केलं की आमच्या कामापुरता पैसा जमला, आता त्सुनामीसाठी देऊ नका. उरलेली रक्कम इतर संकटांत वापरू का, असं तिने देणगीदारांना विचारलं आणि बहुतेकांनी आनंदाने होकार दिला. देणाऱ्याला खरं सांगितलं तर तो पाठ फिरवतो, ही भीती किती पोकळ आहे!

तरीही हा हिशेब देणाऱ्यापुरताच झाला. ज्याच्या नावाने झोळी पसरली गेली, त्याच्यापर्यंत तो कधी जातो? राजस्थानात 1994 साली मजदूर किसान शक्ती संघटनने जनसुनवाया सुरू केल्या. सरकारी कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं भर गावात मोठ्याने वाचली गेली, आणि गावकरी उठून सांगू लागले की हे काम झालंच नाही, या मजुराला एवढे पैसे मिळालेच नाहीत. लेखापरीक्षक पावती पाहतो, पण पावतीवरचं काम झालं की नाही हे गावाला ठाऊक असतं. ते पैसे सरकारी होते. मदतनिधीला हीच रीत का लागू नसावी, याचं पटणारं उत्तर मला मिळालेलं नाही. आपत्तीत सापडलेल्या माणसाने हात जोडून घ्यावं आणि गप्प राहावं, अशी आपली अपेक्षा असते. ती मला क्रूर वाटते.

लाभार्थ्यालाही असा हिशेब देण्याच्या आड महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा येत नाही. संस्थांनी दरवर्षी तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचे असतात, आणि कायद्याच्या व्याख्येत हितसंबंध असलेल्या व्यक्तींमध्ये लाभार्थीही येतो. पण शिरोळ किंवा पलूस तालुक्यातल्या पूरग्रस्ताला आपल्या गावाच्या नावाने कोणत्या संस्थेने किती जमवलं हेच कळत नसेल, तर त्याने दाद मागायची कशाच्या आधारावर? गावागावांत मदत वाटणाऱ्या प्रत्येक संस्थेने जमा, खर्च, शिल्लक आणि न झालेली कामं मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत. याला नवा कायदा लागत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी एखाद्या मोठ्या संस्थेने हे स्वतःहून सुरू केलं, तरी बाकीच्यांना ते टाळणं अवघड जाईल.